ईस्टरला भरायची माती

काकडीचा तोडा ऐन भरात आला आणि नेमकं तेव्हाच अंतोनबाबानं गावी जायचं टुमणं लावलं. बरं, गावी जायचं म्हणजे चार दिवस हिंडून-फिरून यायचं, असं नव्हतं. तिकडे नगर जिल्ह्यात, धामणखेडच्या कबरस्तानात, मेलेल्या बायकोच्या शेजारी त्याचा एक खड्डा उघडा पडला होता. तो त्याला बुजवायचा होता, तोही स्वतःच्या हातानं. दुसऱ्या कुणी बुजवला तर चालत नव्हतं.

"तोडा संपू दे, बाबा," असं विन्सेंट म्हणायचा. तो त्याचा मुलगा. त्याआधी तो रोपं लागू दे म्हणाला होता आणि त्याच्याही आधी ऊन उतरू दे म्हणाला होता. म्हातारा दर वेळी मान हलवायचा आणि खोलीबाहेर उलट्या घातलेल्या काकडीच्या क्रेटवर जाऊन बसायचा.

इकडे आखातात, दोहाच्या उत्तरेला, मदिनत अश शमालच्या अलीकडे डांबरी सडक सोडून आत वळलं, की अरबाबाचा मळा लागतो. अरबाब म्हणजे मालक. तिथले सगळे कामगार त्याला तसंच म्हणतात. सभोवती सपाट, पांढरट, खडकाळ रान आणि मधेच प्लास्टिकच्या हरितगृहांची रांग. मागे खजुरीची बाग, पंपाची खोली, आणि कुंपणाला लागून पत्र्याच्या दोन खोल्या. तिथं विन्सेंट, त्याची बायको आग्नेस आणि अंतोनबाबा राहायचे. विन्सेंट मळ्याचा मुकादम होता. आग्नेस काकडी-टोमॅटो निवडून क्रेटमध्ये भरायची आणि कामगारांचा स्वयंपाक बघायची. मुलगा मार्विन रास लफानला गॅसच्या कारखान्यात होता. सुटीला कधी यायचा, कधी नाही. आजोबाचं मराठी त्याला सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीतच यायचं, आणि मग आग्नेसला मधे पडून ते म्हाताऱ्याला समजावून द्यावं लागायचं.

त्या हंगामात बोअरचं पाणी खारटलं होतं. कडेच्या वेलांची पानं काठानं करपायला लागली होती, आणि वरून रमजान तोंडावर. माणसं उपाशीपोटी काम करणार, म्हणजे दुपारचा तोडा बंद. विन्सेंट पहाटे उठून हरितगृहात शिरायचा तो घामानं भिजून, काकडीच्या काट्यांनी हात सोलवटून बाहेर यायचा. अशा वेळी अरबाबापुढं उभं राहून रजा मागायची त्याला छातीच होत नव्हती. खरं सांगायचं तर त्यानं ती मागून बघितलीच नव्हती. मुकादम माणूस ऐन तोड्यात रजा मागतो म्हणजे काय, असं त्यानं स्वतःच स्वतःला विचारून स्वतःच नाही म्हणून टाकलं होतं.

खड्ड्याची गोष्ट मळ्यावर सगळ्यांना ठाऊक झाली ती महमूदमुळे. महमूद पंप सांभाळायचा. गाव रायगडातलं, त्यामुळे मराठी आपली. अंतोनबाबाला ऐकणारा कान पाहिजेच होता, तो हा मिळाला. आग्नेस काकड्या निवडत असायची, महमूद पंप चालू करून तिथंच टेकायचा, आणि म्हातारा सांगत बसायचा.

त्याच्या गावाचा धर्म जर्मनांनी आणलेला. मोठा दुष्काळ पडला होता तेव्हाची गोष्ट. दोन फादर आणि एक ब्रदर बैलगाडीतून आले. थोरला होता हरमनबाबा. अंगानं धिप्पाड, दाढी लाल, आणि मराठी अशी की बाया पदराआड हसायच्या. वस्तीतल्या लोकांना तेव्हा गावची विहीर बंद होती. कुणी वरून ओतलं तर ओंजळ धरून प्यायचं. हरमनबाबानं देवाचं नाव नंतर काढलं. आधी कुदळ काढली आणि वस्तीबरोबर विहीर खांदली. मग पटकी आली, माणसं मरायला लागली आणि पुरायलाही जागा मिळेना, तेव्हा त्यानं माळ विकत घेऊन कबरस्तान आखलं. देऊळ सगळ्यात शेवटी झालं. त्याचे दगड अंतोनबाबाच्या आज्यानं डोक्यावरून वाहिले होते, आणि हे सांगताना म्हातारा हटकून स्वतःचा माथा चाचपायचा.

पटकीनं माणसं इतकी भ्याली होती की कबरस्तानाकडं कुणी फिरकेना. तेव्हा राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचे उपास लागतात त्या दिवशी, कपाळावर राख लावून झाल्यावर, हरमनबाबा टोपलं-कुदळ घेऊन निघाला. आपल्यासाठी त्यानं जागा धरली, माणूसभर लांबीची दगडांची आखणी केली, आणि डोक्याच्या बाजूला एक टोपलं माती काढून ठेवली. मातीवर टोपलं पालथं घातलं. उपासाचे दिवस सरून ईस्टर उगवला, तसा गेला आणि ती माती आपल्या हातानं परत खड्ड्यात घातली. म्हणाला, झालं, अजून एक वर्ष मिळालं. लोकांची भीती मोडली. तेव्हापासून त्या गावात रीतच पडली. साठी ओलांडली की राखेच्या बुधवारी ज्यानं त्यानं आपल्या जागेतली टोपलंभर माती काढायची आणि ईस्टरला आपणच भरायची. बाई असो, बाप्या असो. ती माती मुलगा भरतो तो फक्त एकदाच, बाप आत निजल्यावर.

"मग त्या बाबाची कबर तिथंच असंल," महमूद एकदा म्हणाला.

म्हाताऱ्यानं नाही म्हणून मान हलवली. मग त्यानं सांगितलं. पहिली मोठी लढाई लागली आणि सरकारनं मुलखातले जर्मन धरायला सुरुवात केली. फौजदार धामणखेडात आला तो नेमका उपासाच्या दिवसांत. हरमनबाबाची माती काढलेली होती. एवढा खड्डा भरून येतो, असं तो फौजदाराला म्हणाला. फौजदार म्हणाला, कशाला घाई, ईस्टरपर्यंत परत याल की. हरमनबाबा गाडीत बसून गेला तो गेलाच. पुढं त्याला बोटीत घातलं म्हणतात. कुठं मेला, कुणी पुरला, गावाला कधी कळलं नाही. त्याचा खड्डा लोकांनी बुजवला नाही, कारण बुजवणार कोण? भोवती दगड रचून तो तसाच ठेवलाय. पाऊस त्यात माती आणतो आणि वाऱ्यानं पुन्हा उडून जाते.

"खड्डा उघडा टाकून जो वेशीबाहीर गेला, तो माघारी येत नाय," अंतोनबाबा म्हणाला. "मपलाबी उघडाच हाये."

कारण झालं होतं असं. आदल्या वर्षी विन्सेंट त्याला न्यायला गावी गेला होता. आई, सोजरबाई, जाऊन काही वर्षं झाली होती, आणि म्हातारा घरात एकटा चूल फुंकत बसायचा. राखेचा बुधवार झाला, बाबानं आपलं टोपलंभर काढलं, आणि विन्सेंटची रजा ईस्टरच्या आधीच संपली. म्हातारा म्हणाला, तू हो पुढं. विन्सेंट म्हणाला, तुला एकट्याला विमानात कोण बसवणार? आत्ता चल, ईस्टरला आणून सोडतो. वर शप्पथ घेतली, आईची. मग इथं आल्यावर तपासण्या, शिक्के, हे आणि ते. ईस्टर आला तसा गेला. म्हातारा त्या दिवशी जेवला नव्हता, हे आग्नेसनं पाहिलं होतं आणि विन्सेंटला सांगितलंही होतं.

यंदा राखेचा बुधवार आणि रमजानचा चांद एकाच आठवड्यात आले. महमूदचे रोजे चालू झाले आणि अंतोनबाबाचे उपास. दोघं दुपारी पंपाच्या सावलीला कोरड्या तोंडानं बसायचे. राखेच्या बुधवारी दोहाच्या चर्चला जायला गाडी नव्हती. मग म्हाताऱ्यानं खजुरीची वाळकी झावळी जाळली, राख गाळून घेतली आणि विन्सेंटच्या, आग्नेसच्या कपाळी क्रूस ओढला. शेवटी अंगठा स्वतःच्या कपाळावर टेकवला. कामगार बघत होते, पण कुणी हसलं नाही.

त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी विन्सेंट खजुरीकडं गेला तर बाप तिथं वाकलेला. बागेच्या पलीकडं, पाणी झिरपून जमीन जरा मऊ झालेली, तिथं त्यानं माणूसभर लांबीची दगडांची आखणी केली होती. डोक्याच्या बाजूला कुदळीनं उकरून खजुराच्या पातीच्या टोपल्यात माती भरत होता. माती कसली, खडी आणि वाळूच. घाम त्याच्या पांढऱ्या भुवयांवरून ठिबकत होता.

"बाबा, हे काय?"

"हितं काढतो, ईस्टरला हितंच भरतो. तिकडचं जमंना तर हितलं. देवाला मपला हात वळखू येतो."

आता इथं विन्सेंटला काय वाटायला पाहिजे होतं? लाज वाटायला पाहिजे होती. पण त्याला सुटल्यासारखं वाटलं. चला, रजेचं झंझट मिटलं. त्यानं बापाच्या हातून कुदळ घेतली, पुसली आणि औजाराच्या खोलीत ठेवून दिली. त्या संध्याकाळी आग्नेसला त्यानं हसत हसत सांगितलंसुद्धा, की बाबानंच तोड काढली बघ. आग्नेस भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

पुढचे काही दिवस म्हातारा खुशीत होता. रोज सकाळी जाऊन आपली आखणी बघून यायचा, सरकलेला दगड जागेवर लावायचा. मार्विन सुटीला आला तेव्हा त्याला हात धरून घेऊन गेला आणि दाखवलं. मार्विननं त्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि "दादू, धिस इज क्रेझी" म्हणून त्याच्या गळ्यात हात टाकला. बाबाला वाटलं, नातवाला आवडलं.

रमजानमध्ये अरबाबाचं कुटुंब शुक्रवारी मळ्यावर रोजा सोडायला यायचं. हिरवळीवर गालिचे अंथरायचे, पोरं धावायची. त्या शुक्रवारी अरबाबाची म्हातारी आई नातीला घेऊन खजुरीकडं फिरायला गेली. नातीचा पाय खड्ड्यात गेला आणि ती पडली. पोरीला काही लागलं नाही. पण म्हातारीनं ती दगडांची लांबट आखणी बघितली, डोक्याकडचा खड्डा बघितला, आणि तिथंच मटकन बसली. तिला हृदयाचा विकार होता. तिच्या मनानं घेतलं की ही कबर आपल्यासाठीच खणलीय. रोजा तिनं पाण्याच्या घोटावर सोडला, आणि सगळे न जेवताच दोहाला परतले.

दुसऱ्या दिवशी असरची, म्हणजे तिसऱ्या प्रहरची, नमाज झाल्यावर अरबाब एकटाच आला. माणूस वाईट नव्हता. आवाज चढवणाऱ्यातला तर नव्हताच. त्यानं मोडक्या हिंदीत विचारलं, इथं कोण मेलंय? विन्सेंटनं सांगायचा प्रयत्न केला. आमच्या गावची रीत, आमचा उपास, माझा बाप म्हातारा आहे. अरबाबानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, तुझ्या बापाचा मी मान राखतो, पण माझ्या आईचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. मगरिबच्या आत, सूर्य बुडायच्या आधी, हे बुजलं पाहिजे. यल्ला, चला लवकर. आणि तो गाडीला टेकून उभा राहिला.

अंतोनबाबा तिथंच होता. खजुरीच्या बुंध्याशी क्रेटवर बसलेला. त्याला हिंदी जेमतेम कळायची, पण हाताच्या खुणा कळल्या.

विन्सेंटनं फावडं आणलं. महमूद धावत आला. त्यानं म्हाताऱ्याकडून सगळी गोष्ट ऐकलेली होती, आणि आता काय होणार हे विन्सेंटच्या आधी त्याच्या ध्यानात आलं होतं.

"भाऊ, तुमी हात नका लावू," तो हळू आवाजात म्हणाला. "मी भरतो. मी परका, मी भरलं तर ती नुसती माती. तुमी पोरगा आहाव."

असं म्हणून त्यानं फावड्याच्या दांड्याला हात घातला. विन्सेंटनं दिला नाही. का दिला नाही, ते त्याला पुढं कितीदा विचारलं तरी सांगता आलं नसतं. अरबाब बघत होता. हुकूम मुकादमाला झाला होता, आणि मुकादमानं तो रोजेदार पंपवाल्यावर ढकलला असं दिसायला नको होतं. बापाच्या मातीला परक्याचा हात नको, असंही मनात आलं. पण खरं म्हणजे तो घाबरला होता, आणि घाबरलेल्या माणसाचे हात आधी चालतात.

एक टोपलं मातीला वेळ तो काय लागणार? चार फावडी ओढली, पायानं दाबली, दगड उचलून कुंपणाकडं फेकले. खडी फावड्याखाली करकरत होती. अरबाब "शुक्रन" म्हणाला, गाडीत बसला आणि गेला.

विन्सेंट बापाकडं वळला. म्हातारा उठून उभा राहिला होता. त्यानं डोक्यावरची टोपी काढली होती. गावात कुणाची माती झाली की काढतात, तशी.

"भरलंस?" त्यानं विचारलं.

"बाबा, तो उभा होता—"

"बरं केलंस. पोरानंच भरायची असती."

एवढं बोलून तो खोलीकडं चालू लागला. महमूद तोंड फिरवून पंपाकडं गेला.

आग्नेस नवऱ्याला कधी उलट बोलणारी बाई नव्हती. त्या दिवशी तिनं त्याच्यापुढं ताट ठेवलं आणि म्हणाली, "जित्या बापाला पुरून आलात. जेवा आता." विन्सेंट जेवला नाही. ताटापुढं बसून तो रडला. लहान पोरासारखं नाक ओढत रडला, आणि तिनं त्याला रडू दिलं.

त्या दिवसापासून अंतोनबाबानं महमूदला गोष्टी सांगायचं सोडलं. रागानं नव्हे. महमूद जाऊन बसला की त्याच्या पाठीवरून हात फिरवायचा, पण बोलायचा नाही. जेवायला बोलावलं तर यायचा, दोन घास खायचा. आग्नेस कपडे धुवायला मागायला गेली तर म्हणाला, राहू दे, कुणाला घालायचेत? एकदा मार्विनचा फोन आला आणि आग्नेसनं तो म्हाताऱ्याच्या कानाला लावला, तर पलीकडून पोरानं पहिल्यांदाच धडपडत मराठीत विचारलं, "दादू, तू कसा आहे?" म्हातारा म्हणाला, "दादू चांगला माणूस होता, बाळा." मार्विननं फोन ठेवला आणि पुढच्याच सुटीला तो मळ्यावर येऊन आजोबाच्या पायाशी बसून राहिला.

शेवटी विन्सेंट अरबाबाकडं गेला. दोन-तीनदा घोकून ठेवलेलं बोलला. बापाला गावी न्यायचंय, रजा पाहिजे, तोडा मी माणसं लावून बसवतो. अरबाबानं त्याच्याकडं नवलानं बघितलं. म्हणाला, जा की. बाप आहे तुझा. हंगाम दर वर्षी येतो. मला आधीच का नाही सांगितलंस?

आधीच का नाही सांगितलंस. मळ्याच्या वाटेनं परत येताना विन्सेंटच्या डोक्यात हेच वाक्य वाजत राहिलं. वर्षभर ज्या दाराला तो घाबरून होता, ते नुसतं लोटलेलं होतं. त्यानं हात लावला असता तर उघडलं असतं. त्या पोरीचा पाय खड्ड्यात जायच्या आधी, फावड्याच्या आधी, मागच्या ईस्टरलासुद्धा.

तिकिटं पवित्र आठवड्यातली, म्हणजे ईस्टरच्या ऐन आधीची, निघाली. बाबाला सांगितलं तर तो नुसता "हां" म्हणाला. आणि निघायच्या तोंडावर त्याच्या छातीत कफ भरला. ताप, धाप. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं की या छातीनं विमानात बसवता येणार नाही, उतार पडू दे, मग बघू. विन्सेंटनं तिला ईस्टरचं सांगून बघितलं. ती म्हणाली, ईस्टर पुढच्या वर्षीही येईल. तिला काय ठाऊक?

झावळ्यांचा रविवार गेला, गुड फ्रायडे गेला. ईस्टरच्या दिवशी उजाडताच विन्सेंट उठला. कुदळ घेतली आणि खजुरीच्या मागं गेला. कुंपणाकडं फेकलेले दगड त्यानं एकेक करून आणले, होती तशीच आखणी केली आणि डोक्याच्या बाजूला खणून टोपलंभर माती काढली. अरबाब काय म्हणेल याचा विचार त्यानं त्या दिवशी केला नाही. मग खोलीवर येऊन बापाला हाताला धरून उठवलं. म्हाताऱ्याचं वजन उरलंच नव्हतं. महमूद पंपापाशी उभा होता, तो आपण होऊन दुसऱ्या बाजूनं आला. दोघांनी त्याला तिथवर नेलं, आणि मग महमूद मागं सरला.

"बाबा, ईस्टर आहे आज. भर तुझ्या हातानं."

अंतोनबाबा खड्ड्याकडं बघत राहिला. छाती वाजत होती. मग म्हणाला, "ही मपली न्हाई रं. ही तू काढलीस."

विन्सेंट खालीच बसला. त्याला वाटलं होतं, एवढं तरी जमेल. त्यानं बापाच्या पायाला मिठी मारली आणि चुकलो, चुकलो म्हणत राहिला. म्हाताऱ्यानं खाली वाकून बघितलं, आपल्या पोराचं टक्कल पडलेलं डोकं, करपलेली मान. मग हळूहळू गुडघे मोडून तो त्याच्या शेजारी बसला. टोपलं त्याला उचलता येईना. त्यानं हात घातला, मूठभर वाळू घेतली आणि खड्ड्यात सोडली. पुन्हा एक मूठ. मधे मधे थांबायचा, दम घ्यायचा. ऊन वर आलं, पंपाचा आवाज सुरू झाला. विन्सेंटला हात लावायची सोय नव्हती, त्यानं नुसतं बघायचं. टोपलं रिकामं होईस्तोवर म्हातारा थांबला नाही. शेवटी तळहात धोतराला पुसून त्यानं पोराच्या डोक्यावर ठेवला.

"भरली," तो म्हणाला. "आता रडू नको."

ही माती मोजली जात नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्यानं ती फक्त विन्सेंटसाठी भरली होती.

त्याच आठवड्यात अंतोनबाबा गेला. आग्नेस त्याला पेज भरवत होती. एक चमचा घेतला, दुसरा तोंडातच राहिला. महमूदनं आपल्या हातानं चादर आणून त्याच्यावर घातली. अरबाब स्वतः आला, कागदपत्रांसाठी माणूस दिला, आणि विन्सेंटचा हात हातात धरून बराच वेळ उभा राहिला. त्या कबरीबद्दल त्याला काही बोलायचं होतं, पण तो नुसतं "अल्लाह रहम करो" म्हणाला आणि गेला.

पेटी विमानाच्या पोटातून आली, विन्सेंट वर खुर्चीत बसून आला. धामणखेडात आता माणसं उरलीत ती म्हातारीच. बाकीची पुण्याला, मुंबईला, आखातात. चुलतभाऊ हरिदास घंटेच्या दोराला होता. पेटी दिसली तसा त्यानं दोर ओढला. कबरस्तानात शिरताना विन्सेंटला हरमनबाबाचा खड्डा लागला, दगडांच्या कड्यातला. त्यात वाळकी पानं साचली होती.

सोजरबाईच्या शेजारी बाबाची आखणी होती तशीच होती. डोक्याकडं छोटा खड्डा. बाजूला गेल्या वर्षी काढलेल्या मातीचं ढेकूळ झालेलं, कडेनं गवत उगवून वाळलेलं. त्याच्यावर पालथं घातलेलं बांबूचं टोपलं. गावानं त्याला हात लावला नव्हता. उरलेली कबर विन्सेंटनं आणि म्हाताऱ्यांनी मिळून खांदली. पेटी उतरली. फादरनं प्रार्थना म्हटली. सगळ्यांनी मूठ-मूठ लोटली, मग फावड्यांनी भरणा झाला. डोक्याकडची जागा तेवढी ठेवली, ती मुलाची.

विन्सेंटनं टोपलं सुलटं केलं, फावड्यानं ती जुनी माती त्यात भरली आणि उचललं. पाऊस आणि ऊन खाऊन टोपल्याचं बूड कुजलं होतं. उचलताच ते निखळलं आणि माती त्याच्या पायांवर सांडली. हरिदास घमेलं आणायला वळला. विन्सेंटनं नको म्हणून हात केला. तो गुडघ्यावर बसला आणि मुठीनं ती माती घालायला लागला. एक मूठ, मग थांबून दुसरी, बापानं तिकडं खजुरीखाली घातली होती तशी. माणसं ताटकळली, फादरनं घड्याळ बघितलं, पण कुणी घाई कर म्हणालं नाही. पायांवर सांडलेलीसुद्धा त्यानं झाडून आत घातली.

माणसं पांगल्यावर हरिदास त्याच्याजवळ आला. सोजरबाईच्या पलीकडची जागा त्यानं दाखवली. म्हणाला, ही तुझी. साठी झाली ना रे तुझी? येत्या राखेच्या बुधवारी तुला काढावी लागंल. येशील ना?

येतो, हा शब्द विन्सेंटच्या तोंडापर्यंत आला. पण तो त्यानं बापाला इतक्यांदा दिला होता, की आता त्याला तो उच्चारवेना. नखांत गेलेली माती तो काढत राहिला. परतीचं विमान परवाचं होतं. मळ्यावर काकडीचा शेवटचा तोडा राहिला होता.